हात जमा करणारे साडू

उभ्या खानदेशात आमच्या साडूंएवढं ताकदीचं माणूस नाही आणि त्यांच्याएवढं भित्रंही नाही. भितात ते माणसांना नव्हे, कायद्याला. धुळ्यात त्यांची कुस्तीची तालीम आहे. साठी जवळ आली तरी पहाटे पाचशे जोर काढतात, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते देवालाच ठाऊक. पण भाजीबाजारात कुणाचा धक्का लागला की हाच माणूस दोन्ही हात झटकन पाठीमागे बांधतो आणि "चुकलं भाऊ" म्हणून मोकळा होतो. माझी मेव्हणी म्हणते, यांना बरोबर घेण्यापेक्षा एकटी गेलेलं बरं, निदान दोन शिव्या तरी हासडता येतात.

त्यांचं ठाम मत असं, की कुस्ती शिकलेल्याचे हात म्हणजे हत्यार, आणि हत्याराची पोलिसांत नोंद हवी. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, हे त्यांना शेजारच्या बागाईतदाराकडून कळलं आणि झालं! दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून साडू रांगेत. पुढे बंदूकवाला, मागे बंदूकवाला. नंबर आल्यावर हवालदारानं विचारलं, काय जमा करायचंय. यांनी दोन्ही पंजे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हाऊ हात नही साहेब, हत्यार शे." वर पावती मागितली. हवालदार भला माणूस, त्यानं चहा पाजून परत पाठवलं. साडूंनी अर्थ काढला, की या खेपेला सूट मिळाली. तेव्हापासून लोकसभा, विधानसभा, झेडपी, एकही चुकवलेली नाही.

मी जळगावच्या कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली. त्यांना शंभरदा सांगितलं, की आबा, हातांना परवाना लागेल असा कायदाच नाही. अंगावर कुणी आलं तर स्वतःला वाचवायचा हक्क पैलवानालाही आहे, फक्त गरजेपुरता. न्यायाधीश फार तर विचारतील, की बाबा रे, कुठे धरलं म्हणजे हाड मोडतं हे तुला शिकवलेलं होतं ना? यावर ते समाधानानं मान हलवतात. म्हणजे हत्यारच की, म्हणतात. आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

पण दुधानं तोंड पोळलेला माणूस आहे तो. तरुणपणी पोलीस भरतीत त्यांची निवड झाली होती. धरणगावची कुस्ती जिंकून येताना एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तिथे दुसराच येऊन बसला. शब्दाला शब्द वाढला. त्यानं थोबाडीत मारली, यांनी ढाक हा डाव लावून त्याला खाली घेतलं. समोरच्याचा खांदा मोडला, गुन्हा दाखल झाला आणि चारित्र्य पडताळणीत नोकरी अडकली. निर्दोष सुटले, पण तारखा पडता पडता भरतीचं वय निघून गेलं होतं. एवढं होऊन खिडकीची जागा नाहीच मिळाली, हे ते अजून आवर्जून सांगतात.

माझी मुलगी मावशीकडे राहून त्यांच्याच तालमीत तयार झाली. तीही पोलीस भरतीत निवडली गेली. फक्त पडताळणी बाकी होती. त्याच आठवड्यात साडू, ती आणि मी, आम्ही तिघं जळगाव स्टँडवर यावलच्या गाडीत चढलो. तिनं ओढणी टाकून जागा धरली होती. एका दांडगटानं ती ओढणी खाली फेकली आणि वर हिलाच ढकललं. पोरीचा पाय पुढे सरकलेला मी पाहिला. तीच ढाक! माझ्या हातात दोन पिशव्या. तेवढ्यात साडू मध्ये घुसले, हात पाठीमागे बांधून. त्या माणसानं त्यांच्या मुस्काटात दोन लगावल्या.

"पोरी, हात मागं," साडू म्हणाले. ओठातून रक्त येत होतं. "तुझी पडताळणी बाकी शे."

कंडक्टर आणि चार प्रवाशांनी मिळून त्या दांडगटाला खाली उतरवलं. मी, जन्मभर कलमं कोळून प्यालेला, पिशव्या धरून उभाच होतो. त्या दिवशीची लाज अजून गेलेली नाही.

पडताळणी स्वच्छ पार पडली. आता ती धुळ्यातच ठाण्यावर असते. परवा निवडणूक जाहीर झाली आणि साडू निघाले. समजूत घालायला मीही बरोबर गेलो. टेबलावर आमचीच कन्या, गणवेशात. साडू क्षणभर थबकले, मग रीतसर दोन्ही पंजे पुढे ठेवले. रांगेतले हसले. ती नाही हसली. तिनं त्यांच्या पंजांवर आपले हात ठेवले आणि जरा वेळ तसेच राहू दिले.

"जमा झाले, आबा," ती म्हणाली. "आता माझ्याकडे राहू द्या."

पहिल्यांदाच त्यांनी पावती मागितली नाही. बाहेर पडताना दारातल्या गर्दीत एकाचा चांगलाच धक्का लागला. साडू थांबले, पण हात मागे गेले नाहीत. दोन्ही बाजूंना नुसते मोकळे लोंबत राहिले, आणि माझे साडू तसेच, पोरासारखे हात हलवत घरापर्यंत चालत आले.