ओळखीची रेघ

भाजीबाजारात माझ्या हातून मेथीची जुडी पडली. शेजारची बाई पटकन वाकली आणि ती उचलून देत म्हणाली, "ओळखलं नाहीत ना, डॉक्टर? माझ्या पाठीच्या ऑपरेशनला भूल तुम्हीच दिली होती."

मला चेहरा आठवेना. ऑपरेशनभर ती पालथी झोपलेली होती आणि मी बघत होते पडद्यावरची एक रेघ. तिच्या मज्जारज्जूला किती रक्त पोचतंय, ते दाखवणारी. वाकडा कणा सरळ करताना ती रेघ एकदम घसरली. मी "थांबा" म्हणाले, तसे सर्जनचे हात थांबले. रेघ वर येईपर्यंत मी तिचा रक्तदाब वाढवत राहिले. ती रेघ मी आजही कागदावर काढून दाखवीन. एखाद्याच्या इतकं आत डोकावायचं आणि चेहरा मात्र विसरायचा, हे कसलं बघणं?

"घाबरू नका, मी आहे ना, असं म्हणाला होतात तुम्ही," ती म्हणाली. "तेवढ्यावर निर्धास्त झोपले बघा."

मी नुसती हसले. हे वाक्य मी रोज प्रत्येकालाच म्हणते, हे तिला सांगवलं नाही. तिचं नावही विचारवलं नाही.