एका टेबलावर दोन नद्या

कवळीवाल्याचं स्वतःचं तोंड फारसं उघडत नसे. दुसऱ्यांच्या तोंडात बसायचे दात करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं, पण ज्यांच्या तोंडात ते बसले त्यातलं एकही माणूस त्यानं कधी बघितलं नव्हतं. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत. हा त्यात पांढरी भुकटी कालवून ओती, वर मेण चढवी, दात बसवी, घासूनपुसून डबीत घालून परत पाठवी. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली त्याची खोली होती. तिथं दिवसभर घासायचं चाक घरघरायचं आणि सगळ्यावर पिठासारखी धूळ बसायची. संध्याकाळी घरी आला की बायको दारातच अडवायची, "अहो, आधी झटका. भूत घरात शिरल्यासारखं वाटतं."

हा भूतमाणूस हातपाय धुतले की शिपाई करायला बसे. बोटाएवढे शिपाई, तोफा, घोडे, तंबू, आणि त्यांना उभं राहायला फळीवर डोंगर आणि शेतं. साहित्य कामावरचंच. कवळीच्या हिरड्यांना जो गुलाबी मसाला लागतो, त्याचाच शिपाई. त्यामुळे रंग चढेपर्यंत अख्खी पलटण उंदराच्या पिलांसारखी गुलाबी आणि उघडीबोडकी पडलेली असे. एक गोष्ट मात्र बघणाऱ्याच्या लगेच ध्यानात येई. त्याच्या सगळ्या शिपायांची तोंडं मिटलेली. ओरडत धावून जाणाऱ्याचंसुद्धा तोंड बंद.

"दिवसभर दातच बघतो," तो म्हणायचा. "घरी कशाला?"

त्याच्या मुलीचं लग्न झालं ते बस डेपोतल्या स्टोअरकीपरच्या मुलाशी. हा व्याही म्हणजे सुट्या भागांच्या फडताळांमध्ये उभं राहून ड्रायव्हर-मेकॅनिकांशी हुज्जत घालणारा, पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. लग्न झालं, येणंजाणं सुरू झालं, आणि दोन्ही घरांवर संकट आलं. हे दोन व्याही शेजारी बसवले की बोलायला काहीच नसायचं. "तब्येत बरी ना?" "बरी. तुमची?" "बरी." यापुढं नुसता पंख्याचा आवाज. मुलगी आतून चहा घेऊन येताना पावलांचा मुद्दाम आवाज करायची, तेवढाच बदल.

मग एकदा व्याह्याची नजर कपाटावरच्या पलटणीवर गेली. त्यानं न विचारता एक शिपाई उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "याचा गुडघा चुकलाय. असा धावला तर तोंडावर आपटेल."

कवळीवाल्यानं शिपाई हातात घेतला, चष्मा वर सरकवून बघितलं आणि म्हणाला, "आपटेल खरा."

तिथून व्याह्यालाही नाद लागला. त्याचे शिपाई सोल्डरिंगच्या तारेचे, वॉशरच्या टोप्यांचे. दिसायला ओबडधोबड, पण उभे राहात ते दणकट. आता दोघं एकत्र बसले की घरच्यांना दुसऱ्या खोलीत जाऊन बोलावं लागे.

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. दोघांनी मिळून एक लढाई मांडायची ठरवली. एक बाजू याची, एक त्याची, आपापल्या घरी बनवायची आणि तिथं नेऊन फळीला फळी लावायची. मधे नदी. नदी अर्धी-अर्धी करायची, पूलही अर्धा-अर्धा, आणि कुणाचाही शिपाई पुलावर पाय ठेवणार नाही, असं तोंडी ठरलं. कोण जिंकलं ते लोकांनी ठरवावं. एकमेकांची फळी आधी बघायची नाही, हेही ठरलं. फोन मात्र होत.

"काय व्याही, नदी कुठवर?"

"अर्ध्यावर आणून थांबलोय. तुमची?"

"अर्ध्यावरच."

दोघंही चक्क थापा मारत होते. कवळीवाल्याचं असं झालं, की त्याच्या हातून एक घोडेस्वार फार बेस उतरला. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, आयाळ उडालेली, स्वार मागं झुकून लगाम खेचतोय. असं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं. अशा स्वाराला पुलाच्या अलीकडे ताटकळत ठेवणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं पूल पुरा केला, नदी पुरी केली आणि स्वाराला पुलाच्या पार टोकावर नेऊन उभा केला. मागं दहापंधरा जण धावत.

प्रदर्शन दुपारी उघडणार होतं. सकाळी दोघांनी फळ्या टेबलावर ठेवून वरची फडकी काढली.

टेबलावर दोन नद्या होत्या. दोन पूल होते. दोन्हींवरून दोन्ही सैन्यं विजयी होऊन पलीकडे उतरत होती.

"व्याही," स्टोअरकीपर म्हणाला, "तुम्ही पूल ओलांडलात."

"तुम्हीपण."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता!"

"म्हणून ओलांडलात?"

वाचनालयाच्या बाई वही घेऊन आल्या. "दोन नद्या आहेत का तिथं?"

"एकच आहे," दोघं एकदम म्हणाले.

"असेल. पण तुमची लढाई टेबलाबाहेर लोंबतेय. शेजारी भरतकामवाल्या बाई आहेत, त्या वीतभरसुद्धा सरकायच्या नाहीत. एक तर कमी करा, नाहीतर उचला."

भरतकामवाल्या बाईंनी आपल्या उशा आणखी ऐसपैस मांडल्या.

मग जुंपली. तुमची नदी म्हणजे सांडलेलं साबणाचं पाणी. तुमची तर गटारासारखी काळी. तुमच्या शिपायांचे चेहरे बटाट्यासारखे. तुमचे सगळे मुके. शेवटी व्याह्यानं आपली फळी फडक्यानं झाकली. "मी निघतो. मांडा तुमची लढाई. शत्रूशिवाय लढा खुशाल."

त्यानं फळी उचललीसुद्धा. कवळीवाला बघत राहिला. ती फळी दाराबाहेर गेली, की दोन घरांमधला बोलायचा एकुलता एक विषय तिच्याबरोबर जाणार होता. उरणार पंखा, आणि कप घेऊन पाय आपटत येणारी आपली मुलगी. त्यानं पिशवीत हात घालून बारीक दात्यांची करवत काढली.

"काय करताय?" व्याही दारातूनच ओरडला.

"नदी काढतो."

"आणि घोडा?"

"तो पुलावर आहे."

"अहो, उपटून तरी घ्या आधी!"

"निघणार नाही. पाय पुलातच ओतलेत."

करवत लागली. फळी थरथरायला लागली, डोंगरावरचे शिपाई पटापट आडवे झाले. व्याह्यानं थोडा वेळ बघितलं, मग स्वतःची फळी भिंतीला टेकवली, परत आला आणि पोटासकट सगळा भार याच्या फळीवर टाकला. "नीट धरायला माणूस नको? तिरकं जाईल."

"जातंय का तिरकं?"

"आता नाही."

नदी, पूल, स्वार आणि मागची तुकडी, अशी पट्टी सुटी झाली. कड ढासळली होती, तिथं कवळीवाल्यानं बशीत भुकटी कालवून लिंपली. चहा निवायच्या आत ती दगड झाली. फळ्या जुळल्या. दुपारी लोक आले. जास्त गर्दी उशांपाशीच होती. एकानं मात्र लढाईपाशी थांबून विचारलं, "कोण जिंकतंय?"

"दिसत नाही?" व्याही म्हणाला. "आम्ही पूल ओलांडलाय."

कवळीवाल्यानं आपला एक कललेला शिपाई सरळ केला.

आवराआवर करताना व्याह्यानं ती कापलेली पट्टी फडक्यात गुंडाळली. "हे माझ्याकडे राहतील. हद्दीत घुसलेले कैदी."

"घोडा नाजूक आहे."

"कैद्यांना आम्ही छळत नाही."

मुलीच्या सासरी बोलावल्याशिवाय कवळीवाला कधी गेला नव्हता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं धुतलेला शर्ट घातला. बायकोनं विचारलं, कुठं? "आलोच," म्हणाला. व्याह्याच्या दारात उभा राहून त्यानं सांगितलं, "कैद्यांना भेटायचंय."

"भेटा. पण लांबून."

पट्टी फ्रीजवर होती. कवळीवाल्यानं चष्मा वर सरकवला आणि तो चमकला. "शेपूट काळी कुणी केली?"

"मी. इथं आमचे कायदे."

"घोडा तांबडा आहे, व्याही. आयाळ तांबडी, शेपूट काळी, हे काय सोंग आहे?"

"बरं दिसतं."

"बरं? रंग कुठं आहेत तुमचे? आणा आधी."

"कैदी तुमचे असतील, फ्रीज माझा आहे," असं ओरडतच व्याही रंगाचा डबा आणायला आत गेला.

स्वयंपाकघरातून मुलगी हात पुसत बाहेर आली. "बाबा? तुम्ही कधी आलात?"

बाबांचं लक्ष नव्हतं. ते घोडा पुलासकट खिडकीपाशी, उजेडात घेऊन चालले होते.