पिंपातल्या कोबीचा वास

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला जिन्यात अडवलं आणि विचारलं, "तुमच्या देशात स्वयंपाक करताना खिडक्या उघडत नाहीत का?"

आवाज अगदी सभ्य होता. जर्मनीत माझ्यावर कधी कोणी ओरडलेलं नाही. इथे अपमानसुद्धा शांतपणे आणि पूर्ण वाक्यात करतात. माझ्या हातात रिकामी बादली होती. माझ्या मागे, वरच्या पायरीवर, माझी घरमालकीण उभी होती. वास कशाचा आहे हे तिला माहीत होतं. तो तिचाच होता. मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती त्या गृहस्थांकडे पाहून हसली आणि म्हणाली, "हो, हो. मी समजावते तिला."

त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही.

हायडेलबर्गला पीएचडीसाठी आले तेव्हा खोली मिळता मिळत नव्हती. या बाईंच्या घरात एक खोली रिकामी होती आणि स्वयंपाकघर दोघींत एकच. त्या सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. खोली दाखवताना त्यांनी एकच अट घातली. "तळण नाही, करी नाही. जिना सगळ्यांचा आहे." मी "गेनाऊ" म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. तेव्हा मला येणाऱ्या मोजक्या जर्मन शब्दांतला तो एक.

आणि मी अट पाळली. आईने दिलेली हिंगाची डबी पिशवीत पिशवी घालून बॅगेच्या तळाशी ठेवली. मोहरी तडतडू दिली नाही. लसूण कच्चाच खाल्ला. भाजलेल्या पापडाची इच्छा झाली की इन्स्टिट्यूटच्या मायक्रोवेव्हमध्ये, आसपास कोणी नाही असं बघून भाजायचे. इंग्रजी शाळेत मी दोन गोष्टी पक्क्या शिकले. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, आणि चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसायचं. जर्मनीत दोन्ही उपयोगी पडल्या.

बाईंना मी आवडले असावे, कारण मी गप्प असे. हळूहळू त्या मला स्वयंपाकघरात हाताशी घेऊ लागल्या. लाकडी पाटावर सैलसर पीठ पसरून सुरीने त्याच्या बारीक चिंधोट्या उकळत्या पाण्यात कशा पाडायच्या, म्हणजेच श्पेट्झले कसे करायचे, ते मी त्यांच्याकडून शिकले. मसुराबरोबर ते खाल्ले तेव्हा मला वरणफळं आठवली, फक्त फोडणी नसलेली. बटाट्याचं सॅलड, कांद्याचा केक, आठवडाभर हे असं चाले.

रविवारचं जेवण वेगळं असे. रविवारी त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेत आणि दाराच्या फटीला टॉवेल लावत. मग आंबट सार शिजे, चोर्बा नावाचं. मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा होई. ती पाटावर उलटी करून दोऱ्याने कापायची. आपली उकड घट्ट झाली तर अशीच दिसेल. हे रोमानियाचं जेवण. बाईंचं घराणं जर्मन, पण पिढ्यान्‌पिढ्या ट्रान्सिल्व्हेनियात राहिलेलं. त्या तरुणपणी नवऱ्याबरोबर इकडे आल्या. हा स्वयंपाक त्यांना तिकडच्या रोमानियन शेजारणीने शिकवला होता. हे सगळं मला दार बंद असतानाच कळलं. जिन्यात त्या त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

शरद ऋतूत त्यांनी कोबीचे गड्डे आणले. तळघरात निळं प्लास्टिकचं पिंप होतं, खाली तोटी असलेलं. गड्ड्याचा दांडा कोरून त्या खळग्यात मीठ भरायचं, गड्डे रचायचे, मध्ये शेपूच्या जून काड्या आणि मक्याचे दाणे घालायचे, वर मिठाचं पाणी. हा कोबी नाताळपर्यंत आंबतो. मग त्याच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून सारमाले करतात. अळूवडीसारखी एक मोठी वळकटी नाही, बोटाएवढ्या सुट्या पुरचुंड्या. मी मांस खात नाही, म्हणून माझ्यासाठी भात आणि अळंबी घालून उपासाचे सारमाले करायचं त्यांनी कबूल केलं होतं. रोमानियातही उपास असतो म्हणे. त्या दिवशी त्या मला फार जवळच्या वाटल्या होत्या.

कोबी नुसता ठेवून देता येत नाही. सुरुवातीला दर थोड्या दिवसांनी खालच्या तोटीतून पाणी बादलीत काढायचं आणि वरून परत ओतायचं, नाहीतर गड्डे बुळबुळीत होतात. बाईंचा खांदा दुखरा, बादली उचलवेना. ते काम माझ्याकडे आलं. पाणी हललं की जो वास सुटे तो मी सांगत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एकदा आमच्या सरांच्या हातून गंधकाच्या रसायनाची बाटली फुटली होती, तेव्हा तसा आला होता. तो तळघरातून जिन्यात चढे आणि संध्याकाळपर्यंत उतरत नसे.

तर अशी एक बादली ओतून मी वर येत होते आणि त्या गृहस्थांनी मला अडवलं.

पुढे ते असंही म्हणाले की असंच चालू राहिलं तर इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला कळवावं लागेल. भाडेकरू ठेवायला कंपनीची परवानगी लागते, हे बाईंना आठवत असेलच. माझी खोली जाऊ शकते, असा त्याचा अर्थ होता. बाई तेव्हाही हसतच होत्या.

मी आईला फोन केला.

"कसला वास?"

"कोबीचा, आई. आंबवलेल्या."

"मग सांग की त्यांना, कोबी आहे म्हणून! आणि तू कशाला उपसत बसतेस तिची बादली? घरी साधं पिण्याचं पाणी भरलं नाहीस कधी!"

"आई, माझी खोली जाईल."

"मग राहू दे बाई. जुळवून घे. परक्याच्या घरी आहेस तू."

मी फोन ठेवला. आईवरही चिडले, कारण ती म्हणाली तेच मी इतके दिवस करत होते.

कोबीचं पाणी फिरवायचा पुढचा दिवस आला. मी खोलीत बसून राहिले. बाईंनी दारावर टकटक केलं.

"पोरी, आज खाली जायचंय."

"आज मी जाणार नाही."

"बरं नाही का?"

माझं जर्मन रागात आणखी बिघडतं. तरी मी म्हणाले, "तो वास माझा नाही, हे तुम्ही त्यांना सांगा. मग मी जाते."

त्या दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही इथे आलो तेव्हा माझी भाषा जर्मन, नाव जर्मन. तरी शेजारणी मला 'ती रोमानियन' म्हणायच्या. माझ्या भांड्यातला वास आला की नाकाला रुमाल लावायच्या. मी या जिन्यात एकदाही सारमाले म्हटलेलं नाही. जर्मन नावानेच बोलते, क्राउटविकेल. आता कुठे ते सगळे विसरलेत."

"आणि म्हणून मी?"

"तू शिक्षण संपलं की जाशील. मला इथेच मरायचंय."

मला त्यांचं म्हणणं कळलं. अगदी नीट कळलं. कळल्यावर राग कमी होतो असं लोक म्हणतात, माझा वाढला. नाकाला लावलेला रुमाल कसा दिसतो हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिने तो माझ्याकडे वळवला होता.

"मग तुम्हीच जा," मी म्हणाले.

त्या गेल्या. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत. मी दार उघडं ठेवून ऐकत होते. तळघराचं दार, पाण्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, जावं खाली. पाय उचललाही होता. तेवढ्यात वास वर आला आणि खालच्या गृहस्थांचं दार उघडलं.

"अहो, आता तुम्हालाच करावं लागतंय का तिचं हे?"

त्यांनी 'माझं आहे' एवढंच म्हणायचं होतं.

"तरुण आहे," बाई म्हणाल्या. "शिकेल."

मी खोलीत गेले. बॅगेच्या तळातून डबी काढली, सगळ्या पिशव्या फाडून. स्वयंपाकघरात रविवारची मामालिगा उरली होती. तिचे तुकडे केले. कढईत तेल कडकडीत तापवलं, त्यात मोहरी टाकली, ती तडतडली, मग लसूण, सुक्या मिरच्या आणि भरपूर हिंग. स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं. बाहेरचं जिन्याचं दारही उघडलं. टॉवेल खुंटीवरच होता. मला ज्या वासाची शिक्षा मिळत होती तो एकदाचा खरंच येऊ दे, असं वाटलं. मिरचीचा ठसका जिना उतरत खाली गेला आणि खाली कोणीतरी खोकलं.

बाई वर आल्या. दम लागला होता, बाही पाण्याने भिजली होती. ठसक्याने त्यांचे डोळे पाणावले होते, निदान मी तरी तसंच समजले. त्या सवयीने जिन्याचं दार लावायला वळल्या.

"उघडं राहू दे," मी म्हणाले.

हात वर केला नव्हता, आवाज मात्र चढला होता. त्यांचा हात कडीवर होता. खालून गृहस्थांनी हाक मारली, "सगळं ठीक आहे ना वर? हा काय वास आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कढईकडे पाहत राहिले. मला आता काही मागायचं नव्हतं.

"हा तिचा," त्या खाली वाकून म्हणाल्या. मग थांबल्या. "आधीचा माझा होता. कोबी. पिंप माझं आहे."

खालून दार लागल्याचा आवाज तेवढा आला.

बाई आत येऊन टेबलाशी बसल्या, ओली बाही पिळत. 'माफ कर' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मीही त्यांच्यासाठी ताट घेतलं नाही. माझी मामालिगा मी उभ्यानेच, कढईतूनच खाल्ली. जिन्याचं दार उघडंच होतं.