सुपात तोललेली पोरं आणि चहाआधीचं माप

उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजा एकमेकींवर आपटायच्या, तो किणकिणाट अजून कानात आहे. मराठी मुलखाबाहेर, गुढ़ियारी वस्तीतल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. त्या ठेक्यावर चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणत स्टोव्हपाशी उभा राहायचो. एका सकाळी दारातून कुणी म्हणालं, "चाल चांगली आहे भाऊ, पण पाणी आटून राहिलं, तिकडे पाहा." नव्याने रुजू झालेल्या नर्स शालिनीताई मेश्राम यांची ती पहिली भेट.

ताईंना आता पंचाहत्तरावं वर्ष लागलं. त्यानिमित्तच्या या गौरवग्रंथात सगळे त्यांचं कौतुक करतील. मीही करणार आहे. पण मला ताईंचा आयुष्यभर हेवा वाटत आला, आणि तो गाळला तर लेख खोटा ठरेल.

तेव्हा नवजात बाळांचं वजन करायचा आदेश आला होता. मी यमक जुळवून फलक रंगवले. वरच्या साहेबांनी वाहवा केली. बाळ मात्र एकही आलं नाही. बाया तिथल्या बोलीत म्हणायच्या, "लइका ला तउलबे त नजर लग जाही!" तोललं की दृष्ट लागणार, हे ठरलेलं. मी त्यांना अडाणी म्हणून मोकळा झालो.

ताई एका छट्ठीला जाऊन बसल्या. सहाव्या दिवशीच्या त्या समारंभात बाळाला सुपात निजवतात, हे त्यांनी पाहिलं. पुढच्या छट्ठीला त्यांनी आमचा काटा नेला आणि सूपच काट्याला टांगलं. सुपाचं वजन आधीच घेऊन ठेवलं होतं. आकडा मोठ्याने उच्चारला नाही. वजन ठीक असेल तर नुसतं "हव", म्हणजे हो, म्हणायच्या. कमी असेल तर आजीला बाजूला घेऊन बोलायच्या. मग पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बोलावणी सुरू झाली, "दीदी, हमर घर कब आबे?" जन्मापासून गुढ़ियारीत वाढलेला मी, आणि दीदी झाल्या त्या!

माझी पत्नी अखेरच्या आजारात इस्पितळात होती. माझ्या हातचं औषध ती घेत नसे. ताई ड्यूटी संपवून यायच्या, सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या धुराच्या, भाजीच्या भावाच्या गप्पा काढायच्या, आणि बोलता बोलता गोळी पोटात गेलेली असायची. ते उपकार मी विसरलो नाही. पण खरं सांगतो, दाराशी उभा राहून तेव्हाही मी जळत होतो.

निवृत्तीनंतर त्याच शहरातल्या शंकर नगरात आलो. इथल्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा मी शाळेतल्या कविता म्हणतो. रेल्वेचे, कचेऱ्यांचे निवृत्त लोक डोळे मिटून ऐकायचे. रक्तदाब तपासायला मात्र कुणी जाईना. "मले काय झालं?" हे प्रत्येकाचं उत्तर. मंडळात येणाऱ्या ताईंनी ते हेरलं आणि मशीन घेऊन थेट माझ्या कार्यक्रमाच्या दाराशी टेबल मांडलं. चहाची किटली आपल्या ताब्यात ठेवली. "आधी हात, मग चहा. चहा घेतल्यावर माप बरोबर येत नाही." रांग लागली! आता माझी कविता चालू असताना मागून कुजबुज येते, "काहो, तुमचा वरचा किती?" "तुमच्यापेक्षा कमीच हाये!" गुढ़ियारीत जो आकडा उच्चारायचा नाही, तो शंकर नगरात मिरवायचा. माणसं जिथे जशी आहेत तिथे तशीच ताईंना दिसतात. मला दिसतात ते श्रोते.

त्या रांगेत कधीच उभा न राहिलेला मी एकटाच. सकाळी डोकं जड असतं, जिन्यात भिंत धरावी लागते, तरी हात पुढे केला नाही. ताईंनी विचारलं की म्हणतो, "कविता संपू द्या."

ताईंनी शंभरी गाठावी, गुडघे कुरकुरले तरी पाय चालते राहावेत, आणि तेव्हाच्या सत्कारातही बोलायला मी असावं, एवढंच माझं मागणं.

इथवर लिहिलं आणि घंटी वाजली. तिसऱ्या मजल्यावर या वेळी कोण? दार उघडलं तर कठड्याला धरून, घामाघूम, शालिनीताई. गुडघ्यांमुळे जिने त्यांनी केव्हाचेच सोडले होते. खांद्याला मशीनची पिशवी.

"दम खाऊ द्या जरा," त्या म्हणाल्या. "तोवर बाही वर करा भाऊ. आणि मोजून होईस्तोवर कविता नाही."

मी बाही वर केली.