परशाआप्पाची घुंगी

बोरगावात तंबाखू न खाणारा गडी शोधायला गेलं तर एकच सापडायचा, आमचा परशाआप्पा. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. दिवसभर वखारीत तंबाखूची पानं निवडायची आणि चिमूटभरही तोंडात टाकायची नाही, याला लोक व्रत म्हणत. कसलं व्रत? त्याला ठसका लागायचा, एवढंच. पण पुढचं सगळं रामायण या ठसक्यानंच घडवलं.

जर्मनच्या लढाईची ती वर्षं. दूधगंगेच्या काठच्या ओल्या भेगांत तेव्हा रगतघुंगी असायची, माणसाचं रक्त पिणारा उडता किडा. उपाशी असली तर चिंचोक्याएवढी, रक्त प्याली की जांभळाएवढी. चावलेलं कळायचं नाही, कारण आधी ती थुंकीनं जागा बधिर करायची. पोट भरलं की अंग जड व्हायचं, उडता यायचं नाही. मग लग्नात जेवून सुस्तावलेल्या व्याह्यासारखी बसल्या जागी घूं घूं करत राहायची. तिला तिटकारा एकाच गोष्टीचा, रक्तात उतरलेल्या तंबाखूचा. आणि आमच्या गावात बाप्यांच्या गालात तंबाखू, बायकांच्या दातांना मिश्री. त्यामुळे काठावरच्या समस्त उपाशी घुंग्यांना गोड रक्ताचा धनी एकच होता.

दुसरा कोणी असता तर ठेचून मोकळा झाला असता. आप्पाचं सगळंच उफराटं. "दारात आलीया, म्हंजे पावणीच की," म्हणाला आणि एक घुंगी वेळूच्या नळीत घालून घरी घेऊन आला.

माणसाळवायची त्याची रीत साधी होती. घुंगीला कान नाहीत, पण आवाजाची थरथर तिला पायांतून कळते. रोज आधी एकच हाक मारायची, मग मनगट पुढं करायचं. सुरुवातीला ती हावरटासारखी पीत सुटली. मग आप्पानं पाठीवर हलकी टिचकी मारून तिला "बास" शिकवलं. आखाड सरेपर्यंत अशी तयार झाली, की हाक मारली तर नळीतून निघून मनगटावर चढायची आणि टिचकी बसली की तोंड काढायची. इतकी शिस्त आमच्या घराण्यात कुणालाच नव्हती.

घोटाळा झाला तो हाकेत. आप्पाची बायको मालुबाई, सदलग्याची. कामाला वाघीण, तोंडानं फटकळ. लग्नाला कैक वर्षं झालेली, पण त्या काळी बायकोला नावानं हाक मारणारा गडी म्हणजे बायकोचा बैल. आप्पा तिला "ए", "अगं", "ऐकलंस का" म्हणायचा. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच तिचं नाव.

शेजारच्या नागुबाईचे कान फार तिखट. एका सकाळी परड्याच्या कुडापलीकडून तिनं आप्पाचा आवाज ऐकला आणि विहिरीवर मालुबाईला गाठलं.

"नशीब काढलंस गं बाई! तुजा दाल्ला परड्यात 'मालू, ये गं मालू' करत हुता. लई लाडानं!"

आपण तर तेव्हा चुलीपाशी होतो, हे मालुबाईच्या ध्यानात आलं. पण पाठीमागं का होईना, नवरा नाव घेतो म्हटल्यावर कुठली बाई हरखणार नाही? दुसऱ्या दिवशी केस विंचरून, ठसठशीत कुंकू लावून ती कुडाआड जाऊन उभी राहिली.

"मालू, ये गं," आप्पा म्हणाला. नळीतून घुंगी निघाली आणि मनगटावर चढली. "पी पोटभर," आप्पा म्हणाला.

मालुबाई कुडाआडून तशीच माघारी फिरली. घरात गेली, बोचकं बांधलं आणि माहेरची वाट धरली.

गावाला आयतंच कोलीत मिळालं. वखारीत लोक विचारत, "परशा, थोरली म्हायेरला गेली, धाकटी तरी बरी हाय न्हवं?" आप्पा करपलेल्या भाकऱ्या करायचा आणि करपलेल्याच खायचा. घुंगीला हाक मारायला तोंड उघडायचा आणि त्याचा आवाजच फुटायचा नाही. ती वाळून पुन्हा चिंचोका झाली, आप्पाही वाळला. मला अजून राग येतो तो गावाचा. हसायला सगळ्यांना सवड होती, पण "जा, घेऊन ये तिला" म्हणायला एकालाही जीभ नव्हती.

शेवटी दसऱ्याच्या तोंडावर तो आपणहून निघाला. नळी बंडीच्या खिशात. घरी एकटी ठेवली तर मरायची, म्हणून. सदलग्यात सासऱ्याच्या सोप्यात मेहुणे, शेजारी, सगळे जमले. मालुबाई आतल्या दाराआड.

"किड्याला माझ्या लेकीचं नाव?" सासरा भावकू कडाडला. "जगात दुसरं नाव गावलं न्हाय व्हय, पावणं?"

आप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, "गावली असती की, मामा. पर मला ह्येच घ्यायचं हुतं. हिला नावानं हाक मारायची चोरी. चारचौघांत न्हाय, घरात न्हाय. नाव नुसतं त्वांडात घोळत ऱ्हायचं. म्हटलं, किड्याला ठेवलं तर रोज घेता तरी यील."

सोप्यात कुणी हसलं नाही. भावकूनं तंबाखू थुंकायच्या निमित्तानं तोंड अंगणाकडं फिरवलं आणि बराच वेळ तिकडंच ठेवलं.

दाराआडून आवाज आला, "मग आता मारा म्हणावं हाक. समद्यांम्होरं."

आप्पानं मान वर केली. समोर सासरा, बाजूला मेहुणे, आणि उद्या ही गोष्ट बोरगावात पोचणार ती वेगळीच. त्यानं डोळे गच्च मिटले आणि ओरडला, "मालू! चल गं घरला!"

आधी आली ती घुंगी. बिचारी उपाशी, खिशातून निघून तुरुतुरु मनगटावर चढली. सोपा असा हसला की परसातली म्हैस दचकून उठली. आप्पाचं तोंड एवढंसं झालं. आता सगळं संपलं, असं वाटून तो उठायलाच लागला होता.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. मालुबाई काखेत बोचकं मारून उंबऱ्यात उभी होती, डोळे पदरानं पुसून लाल झालेले. तिनं आप्पाच्या मनगटाकडं पाहिलं.

"आदी आली म्हणून ती थोरली हुत न्हाय, सांगून ठेवा तिला," ती म्हणाली. "आन टिचकी मारू नगासा. पिऊ द्या वाईच, लई वाळलीया."