तांदळात लिहिलेली बायको

"पोरं रोवेनाची आणि लग्न रंजनाशी? तुमची नेमकी बायको कुठली?"

साताऱ्यातल्या एका कार्यालयात, परदेशी माणसांची नोंद होते त्या टेबलामागच्या साहेबानं मला हे विचारलं. मी उभा. माझी बायको उभी. दोन पोरं तिच्या ओढणीला धरून. टेबलासमोर खुर्ची एकच होती आणि तिच्यावर आमच्या गावचे आबा बसले होते. त्यांना मीच आणलं होतं. मोठा माणूस सोबत असल्याशिवाय सरकारी दारात आपलं कोण ऐकतं, हे माझ्या बापानं मला शिकवलेलं.

आबा मांडीवर थाप मारून हसले. "साहेब, आमच्या गड्याची बायको हाय ही. फिलिपाईन्सवरनं आणलीया. लय कामाची."

"मग आमालाबी आणा की एखादी," साहेब म्हणाला.

सगळे हसले. मीपण हसलो.

ते हसणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आबांचा सालगडी माझा बाप होता. मी नव्हतो. मी मस्कतला पाण्याचा टँकर चालवला. रोवेना तिथं दवाखान्यात काम करायची. आमचं जमलं, आणि सुट्टीत गावी येऊन आम्ही लग्न केलं. गडी म्हणजे काय, हे तिला कळतं. मराठी तिला मीच शिकवली होती. सगळे हसत असताना तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी दात दाखवत होतो.

रंजना कोण, ते सांगतो.

आमच्याकडं नवी सून उंबरा ओलांडून आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवऱ्यानं बोटानं त्यात तिचं नवं नाव लिहायचं. मी रोवेनाला विचारलं नव्हतं. स्वतः ठरवलंही नव्हतं. आबा शेजारी बसले होते. म्हणाले, "असलं विलायती नाव देवापुढं घेता येतंय व्हय रं? रंजना लिही." मी घुटमळलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझ्याच बोटानं लिहून घेतलं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं हळूच विचारलं, "काय लिहिलं?"

मी म्हणालो, "वेलकम."

दुसऱ्या दिवशी आई तिला रंजना म्हणून हाका मारायला लागली. ती मागं वळून बघायची, दुसरी कोण आहे म्हणून. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद झाली तीही रंजनाच्याच नावानं. सगळ्या सुनांची होते तशी. कुणी पासपोर्ट मागितला नाही. मी सही केली आणि आम्ही मस्कतला निघून गेलो.

पोरं तिकडंच झाली. त्यांच्या कागदांवर आईचं खरं नाव लागलं. मस्कतचं काम सुटलं तसे आम्ही कायमचे गावी आलो. रोवेना टुरिस्ट व्हिसावर आली होती. भारतीय माणसाची बायको म्हणून तो बदलून घ्यायचा होता. नाही बदलला तर महिन्याअखेर तिनं देश सोडायचा. पोरं इथं, आई तिथं.

कागद बघून साहेब म्हणाला, "दोन्ही बायका एकच आहेत म्हणून गावातल्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र आणा. बघू मग."

"हात्तिच्या! मी देतो की," आबा म्हणाले. "रविवारी बंगल्यावर या रं. पावणं हायती. हिला जरा भांड्याला बसू दे. पत्र तवा घिऊन जा."

मी म्हणालो, "व्हय आबा."

रात्री घरी मी रोवेनाला म्हणालो, "एक दिवसाचं काम आहे." ती म्हणाली, "भांडी मी कुठंपण घासते. तू हसलास का?"

तरीही रविवारी मी तिला घेऊन गेलो. हेही लिहितो. मी नेलं.

ती बंगल्यामागं मोरीत बसली. जेवणावळीची पातेली, तिच्या कोपरापर्यंत राख. मी आणि आमची थोरली लीना पुढच्या ओसरीवर. अकरा वर्षांची पोरगी, सारखी मागच्या दाराकडं बघत होती. आबांनी पत्र माझ्या हातात दिलं. वर लिहिलं होतं, 'माझ्या पदरी असलेल्या गड्याची पत्नी रंजना'. मी घडी घातली. खिशात घालणार होतो.

आबांनी लीनाला जवळ ओढलं. "हिला बी लगनात झ्याक नाव घावंल. काय गं?"

लीना म्हणाली, "मला नाव आहे."

आबा हसले. माझ्याकडं बघत राहिले. मीही हसावं म्हणून.

माझं तोंड हललं नाही. पत्र मी त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणालो, "आबा, मी तुमचा गडी न्हाई. आन् माझी बायको रोवेना हाय."

"मग जाऊ दे तिला फिलिपाईन्सला," आबा म्हणाले. "बघतो कोण सही देतंय तुला."

मी मागं गेलो. रोवेनाचे हात धरून उठवलं. अर्धी पातेली तशीच राहिली.

लग्नाची नोंद आम्ही साताऱ्यात नोंदणी कार्यालयात नव्यानं करायला टाकली. महिनाभर नोटीस लागते, कुणाची हरकत आहे का म्हणून. फळ्यावर तिचं नाव लागलं, पासपोर्टावर आहे तसंच्या तसं. तिनं त्याचा फोटो काढला. पण व्हिसा तोवर थांबला नाही. ती गेली. सह्यांसाठी परत यायचं तर पुन्हा व्हिसा, पुन्हा तिकीट. मिळेल की नाही, कुणी सांगत नाही. विमानतळावर मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझं नाव आधी घरात आण. मग मला."

आबांची हरकत आली आहे. गावात म्हणतात, बाईपायी माजला. धाकटा अजून दारात चप्पल वाजली की उठतो.

परवा आई बोलता बोलता म्हणाली, "रंजनाचा फोन आला का?" मी जेवत होतो. घास ताटात ठेवला. "रोवेना म्हण." ती भाकरी वाढायला लागली. मी पुन्हा म्हणालो. ती म्हणेपर्यंत जेवलो नाही.

ते तांदळाचं ताट आमच्याच घरात आहे. लीनाच्या लग्नात ते निघणार नाही. त्या दिवशी बोट माझं होतं. आता गावात जिथं जिथं रंजना हे नाव निघेल, तिथं मी उभा राहून पुसणार आहे. आबांच्या ओसरीवर निघालं तर तिथंही.