उशीखालचा नंबर

चर्चच्या सेक्रेटरी मॅडमनी उशी उलटी केली आणि माझ्यासमोर टेबलावर आपटली.

"हे काय आहे?"

उशीच्या खालच्या बाजूला बोटभर पांढरी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर माझा नंबर. ४४१७.

"हे देवाचं घर आहे, तुझी कंपनी नव्हे. असल्या चिंध्या इथे चालणार नाहीत. रविवारी बिशपसाहेब येताहेत. शनिवारपर्यंत साठच्या साठ उश्यांवरनं हे उसवून काढायचं."

चहाचे कप हातात धरून कमिटीची दहा-बारा माणसं बघत होती. एकानं हसू दाबलं. मी म्हणाले, "हो मॅडम." त्या वेळी माझी जीभ जळाली असती तर बरं झालं असतं. पण मी तेवढंच म्हणाले आणि उशी उचलली.

हे चर्च गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं. काळा घडीव दगड, उंच मनोरा, सागवानी बाक. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत, कारण गोरे शिपाई प्रार्थनेलाही बंदूक घेऊन यायचे. भोवती जुनी झाडं आणि राखलेली हिरवळ. आवारातल्या सगळ्या पाट्या इंग्रजीत. एकच मराठीत आहे: गवतावर बसू नये.

रविवारी सकाळी साडेआठला चर्चमध्ये इंग्रजी उपासना होते. आमची मराठी उपासना दुपारी चारला, मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. आमची म्हणजे नगरकडून पोटासाठी इकडे आलेल्या, कंपन्यांमध्ये राबणाऱ्या ख्रिस्ती माणसांची. हॉल म्हणजे साहेबांच्या घोड्यांचा जुना तबेला. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत आहेत. आम्ही त्यांना पिशव्या अडकवतो. आपल्याला मोठं चर्च का नाही, असं कुणी विचारलंच तर आमची उपासना घेणारे पाळकसाहेब हसून म्हणायचे, "अरे, प्रभू तर गोठ्यातच जन्मला." सगळे हसायचे. मीही हसायचे. आज त्या हसण्याची लाज वाटते. गावकुसाबाहेरचं जिणं झटकून टाकायचं म्हणून माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. आणि त्यांची पतवंडं पुन्हा मागच्या दारी.

निघोज्याजवळच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. चौदा वर्षं झाली. म्हणून कमिटीनं मला बोलावलं. प्रार्थनेच्या वेळी गुडघ्याखाली घ्यायच्या जुन्या उश्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. "तुमचा हात चांगला आहे म्हणे," मॅडम म्हणाल्या. उश्या त्यांच्या हातात पडेपर्यंत मी 'तुम्ही' होते. मी हरखले. खरं सांगते, निर्लज्जासारखी हरखले. शिफ्ट संपवून पिंपळे गुरवला घरी यायचं, भाकरी थापायच्या आणि मशीनवर बसायचं. चार महिने. लाल मखमल, आत घट्ट फोम, कडेला दुहेरी टाका, अगदी सीटला घालतो तसा. घोडा बसला असता तरी शिवण उसवली नसती.

पट्टीचं म्हणाल, तर तो माज नव्हता. सवय होती. कंपनीत प्रत्येक कव्हरच्या आत शिवणारीच्या नंबरची पट्टी जाते. शिवण सुटली तर हात कुणाचा होता ते कळलं पाहिजे. पट्टी नसेल तर माल पुढे सरकतच नाही. घरी मी साध्या फितीवर पेनानं नंबर घातला आणि हात आपोआप शिवत गेला. हे काम माझं आहे, खराब निघालं तर मला विचारा. एवढाच त्याचा अर्थ.

शनिवारी दुपारी हॉलच्या फरशीवर बसून ब्लेडनं उसवायला लागले. सासूबाई सोबतीला आल्या होत्या.

"काढून टाक गं बाई," त्या म्हणाल्या. "कशाला त्येंच्या तोंडी लागती? डोक्यावर छप्पर दिलंय त्येंनी, त्येवढं बास हाय."

मी काढतच होते. सात झाल्या. अपमानानं डोळे भरून येत होते आणि टाका दिसत नव्हता. तेवढ्यात मॅडम आल्या. हातात सोनेरी फितीचं रीळ. फितीवर इंग्रजीत छापलेलं होतं, मी अक्षरं जुळवून वाचलं. महिला कमिटीकडून सप्रेम भेट.

"उसवतेच आहेस, तर त्याच जागी ही शिवून टाक. म्हणजे सुईची भोकं दिसणार नाहीत."

मी त्या फितीकडे बघत राहिले. चर्चच्या आत भिंतीभर पितळी पाट्या आहेत. तापानं मेलेला कॅप्टन. घोड्यावरून पडलेला लेफ्टनंट. कुठल्याशा मडमेनं दिलेला बाक. ज्यानं पंखा दिला त्याचं नाव पंख्याच्या पात्यावर. नाताळच्या आधी त्या पाट्या चिंच लावून आम्हीच बायका घासतो. दगड कुणी फोडला, भिंत कुणी रचली, त्याचं एक अक्षर नाही. म्हणजे देवाच्या घरात नाव चालतं. फक्त आमचं चालत नाही. इतकी वर्षं ती नावं घासून मी लख्ख करत होते आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी ब्लेड खाली ठेवलं.

"मी ही शिवणार नाही."

"काय?"

"आणि उसवणारही नाही. नको असेल तर तुम्ही उसवा. ब्लेड इथं आहे."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "हा हॉल कुणाच्या मेहरबानीवर वापरता तुम्ही लोक? कमिटीत विषय काढावा लागेल."

"काढा. मलाही काढायचाच आहे."

शूर वगैरे मी काही नव्हते. बोलताना नजर फरशीवरच होती. त्या गेल्यावर सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घात केलास पोरी." मी सुई ओवली आणि काढलेल्या सातही पट्ट्या हातानं परत शिवल्या.

रविवारी त्याच उश्या चर्चमध्ये मांडल्या गेल्या. दुसऱ्या होत्याच कुठे? साडेआठला मी एकटी मोठ्या दारानं आत गेले आणि पुढून तिसऱ्या बाकावर बसले. शेजारची बाई पर्स उचलून सरकली. बिशपसाहेबांनी उश्यांबद्दल महिला कमिटीचे आभार मानले. मॅडमनी नम्रपणे मान झुकवली. मी जागेवरून हलले नाही.

पुढच्याच आठवड्यात हॉलला कुलूप लागलं. दुरुस्ती आहे म्हणे. मग आमची माणसं माझ्यावर उलटली. "एका चिंधीपायी सगळ्यांना रस्त्यावर आणलंस," असं ज्यांच्या पोरींना मी शिवण शिकवलं तेच म्हणाले. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, माफी मागून टाका, विषय मिटेल. मी चहा दिला. माफी मागितली नाही.

मी कमिटीला अर्ज दिला: मराठी उपासना मोठ्या चर्चमध्ये, सकाळच्या वेळेला व्हावी. उत्तर आलं, इमारत जुनी आहे, गर्दी झेपणार नाही. परवा तिथे कुणा बड्याचं लग्न झालं, माणसं दाराबाहेर उभी होती. तेव्हा इमारत तरुण होती. मी दुसरा अर्ज दिला. त्याला उत्तरच नाही. तिसरा लिहून तयार आहे, त्यावर सही अजून माझी एकटीचीच.

दर रविवारी साडेआठला मी त्याच बाकावर बसते. इंग्रजी निम्मं कळतं, निम्मं नाही. प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणते आणि मोठ्यानं म्हणते. माना वळतात. वळू देत. उद्या हॉलचं कुलूप काढलं तरी मी तिथं पाय ठेवणार नाही. मला उठवायचंच असेल, तर उपासना चालू असताना, सगळ्यांच्या देखत, दंडाला धरून उठवा. आपण होऊन मी उठणार नाही.